वळख म्हणजे पास न्हाई

परळीच्या कॉलेजात पदार्थविज्ञान शिकवायला गेले तेव्हा भाड्याची खोली मला सहज मिळाली. त्या खोलीत शिरणं मात्र जड गेलं. बॅगा घेऊन रिक्षातून उतरले तर घरमालक फाटकाच्या आत, हात मागे बांधून उभे. इस्त्रीची खाकी पँट, वर पांढरा बनियन, पायात स्लिपर.

"कुणाकडं?"

"तुमच्याकडंच. कालच खोली ठरली ना आपली."

"काम?"

"राहायचंय."

त्यांनी जरा विचार केला. उत्तर नियमात बसलं असावं, कारण त्यांनी कडी काढली आणि एक बॅग स्वतः उचलून वर नेली. पुढे पाच-सहा वर्षं मी त्या घरात राहिले आणि त्या माणसाचा मला बारीकसाही त्रास झाला नाही, असं म्हटलं तर ते खोटं ठरेल. पण त्यांच्याइतकी आठवण दुसऱ्या कुठल्याच घरमालकाची येत नाही, हे खरं आहे.

थर्मलच्या, म्हणजे औष्णिक वीज केंद्राच्या, गेटवर सुरक्षा अधिकारी म्हणून त्यांची सगळी नोकरी झाली होती. गल्ली त्यांना 'साहेब' म्हणायची, मीही तेच म्हणू लागले. "मी गेटवर असताना एक खिळा बाहेर गेला न्हाई," असं ते सांगायचे. त्यांच्या पत्नी, म्हणजे काकू, आतून कणीक मळता मळता म्हणायच्या, "अन् घरात तरी कुठं आला?" साहेब ते ऐकू न आल्यासारखं करायचे.

त्यांच्या आयुष्यातला सगळ्यात मोठा प्रसंग म्हणजे एकदा सगळ्यात वरच्या साहेबांनाच त्यांनी गेटवर अडवलं होतं. ओळखपत्र घरी राहिलं होतं. गाडी थांबली, काच खाली आली, "मला ओळखत नाही का?" असा प्रश्न झाला, आणि आमच्या साहेबांनी कडक सलाम ठोकून सांगितलं, "वळखतो साहेब. पण वळख म्हणजे पास न्हाई." वरच्या साहेबांनी ड्रायव्हरला घरी पाठवून कार्ड आणवलं, तोवर गाडीत पेपर वाचत बसले. दुसऱ्या दिवशी शाबासकीचं पत्र आलं. काही दिवसांनी बदलीही झाली, ज्या गेटानं ते वरचे साहेब कधी येत-जात नसत त्या गेटावर. आमच्या साहेबांनी दोन्ही गोष्टींचा अर्थ एकच लावला आणि पत्र फ्रेम करून हॉलमधे टांगलं.

चोर मात्र त्यांना आयुष्यात एकही सापडला नाही. ही खंत ते बोलून दाखवत नसत. पण निवृत्तीनंतर गल्लीत कुणाची सायकल हरवली तर त्यांच्या चेहऱ्यावर जो तजेला यायचा, त्यावरून ती कळायची.

मग घरात कॉम्प्युटर साठू लागले. मुलगा पुण्याला नोकरीला होता. तो स्वतःसाठी नवा घ्यायचा आणि जुना परळीला पाठवायचा. एक हॉलमधे बसला, दुसरा काकूंच्या खोलीत, नातवाचं तोंड बघण्यासाठी. वर माझा लॅपटॉप होता. टेलिफोनच्या लाइनवर इंटरनेट आलं आणि तिन्ही मशीनना ते मिळावं म्हणून साहेबांनी जिन्यावरून, स्वयंपाकघरातून, न्हाणीच्या दारावरून वायरी नेल्या. त्यात अडकून काकू एकदा दुधाच्या पातेल्यासकट पडल्या. तेव्हा मुलानं पुण्याहून वायफायचा डबा पाठवला.

डबा लावून द्यायला मोंढ्याजवळच्या कॉम्प्युटरच्या दुकानातला माणूस आला. त्यानं भराभर बटणं दाबली आणि चहा यायच्या आत म्हणाला, "झालं काका. पासवर्ड एक ते आठ आकडे."

"एक ते आठ? म्हणजे एक, दोन, तीन?"

"हां. सोपा हाय. सगळ्यांकडं तोच ठेवतो मी."

"सगळ्यांकडं तोच!" साहेब खुर्चीतून उठले. "म्हणजे गावात सगळ्या कुलपांना एकच किल्ली? अन् ती तुझ्या खिशात?"

"काका, परळीत कोण उघडतंय त्याला?"

"उठ बे," साहेब म्हणाले.

त्यानंतर पंधरा-वीस दिवस साहेबांनी त्या डब्याबरोबर आलेलं इंग्रजी पुस्तक डिक्शनरी घेऊन वाचलं. मी कॉलेजातून आले की जिन्यातच गाठायचे. "मॅडम, हे एन्क्रिप्शन म्हणजे पाकीट बंद करून पाठवणं, बरोबर? अन् जुन्या पद्धतीचं पाकीट वाफेवर उघडतं, म्हणून नवं वापरायचं. बरोबर?" बरोबरच होतं. माझ्या कितीतरी विद्यार्थ्यांपेक्षा त्यांना नीट समजलं होतं. अडचण अशी, की समजलेली प्रत्येक गोष्ट त्यांनी लगेच अमलात आणली. पासवर्ड एवढा लांब केला की तो टाइप करताना मधेच श्वास घ्यावा लागे. नेटवर्कचं नाव लपवलं. मग ते त्यांच्या स्वतःच्याच मशीनला सापडेना. शेवटी डबाच लोखंडी कपाटात ठेवून कुलूप लावलं. त्या दिवशी आमचं नेटवर्क खऱ्या अर्थानं सुरक्षित होतं. ते जगात कुणालाही मिळत नव्हतं.

मी लोखंडाचा गुण समजावून सांगितल्यावर डबा कपाटातून निघून कपाटावर गेला. पण लोखंड लहरी अडवतं हे त्यांनी मनात धरलं आणि शेजारच्या बाजूची खिडकी पत्रा ठोकून बंद करून टाकली. काकू म्हणाल्या, "वारा कुठून यावा मग?" साहेब म्हणाले, "वारा दारातून येईल. वायफाय दारातून जायचं न्हाई."

शेजारी एका काळी-पिवळीवाल्याचं घर होतं. परळी-अंबाजोगाई रस्त्यावर तो स्वतःची जीप चालवायचा. दारावर पंचशीलाचा झेंडा, ओसरीत बाबासाहेबांचा फोटो, घरात बायको आणि प्रज्ञा नावाची एक बारावीची मुलगी. दोन घरांमधे कुंपणाची एक भिंत होती आणि ती कुणाच्या जागेत किती, यावरून साहेबांचं त्यांच्याशी बोलणं बंद होतं. भिंत उठायच्या आधी तरी किती बोलणं होतं, ते मात्र मला कुणी सांगितलं नाही. काकूंचं बंद नव्हतं. त्यांच्या भाज्यांच्या वाट्या भिंतीवरून जात-येत.

पत्रा ठोकल्यावर तो चालतो का, हे तपासायला साहेबांनी माझा लॅपटॉप मागितला. उघडा लॅपटॉप आरतीच्या ताटासारखा दोन्ही हातांत धरून ते गल्लीत निघाले, मी मागे. किराणावाल्याच्या दारात सिग्नलच्या दोन काड्या. पुढे कोपऱ्यावर काहीच नाही. परत फिरले तर जीपवाल्याच्या ओसरीसमोर चार.

"पत्रा असून चार!" साहेब कासावीस झाले.

जीपवाला ओसरीत जेवत होता. घाईनं उठला. "या ना साहेब, आत या."

साहेब घुटमळले. इतकी वर्षं भिंतीला भिंत लावून राहिलेला तो माणूस त्या घराच्या उंबऱ्याच्या आत कधीच गेला नव्हता, हे नंतर काकूंनी सांगितलं. पण चौकशी अर्धी सोडणं रक्तात नव्हतं. ते आत गेले, सरळ स्वयंपाकघरापर्यंत. तिथं पाच काड्या होत्या, आमच्या हॉलमधेसुद्धा नसायच्या तेवढ्या.

"आमी काय केलं न्हाई साहेब," जीपवाला खरकटा हात तसाच धरून म्हणाला. "ते आपसूक आलंय."

"माहिती हाय. माझ्याच घरातून आलंय," साहेब म्हणाले आणि लॅपटॉपचं ताट घेऊन बाहेर पडले.

त्या संध्याकाळी त्यांनी शेवटचा उपाय केला. प्रत्येक मशीनला स्वतःचा एक नंबर असतो. ज्या नंबरांची नोंद डब्यात असेल त्यांनाच आत घ्यायचं, बाकीच्यांना पासवर्ड माहीत असला तरी नाही. हे वाचून साहेबांना देव भेटल्याचा आनंद झाला. हाच तर पास! तीन मशीन, तीन पास. आपण आजारी पडलो किंवा गावाला गेलो तर गेट उघडं पडू नये म्हणून त्यांनी काकूंना सगळं शिकवलं. गेटवर शिफ्ट बदलताना येणाऱ्या माणसाला ते 'रिलीव्हर' म्हणायचे. काकू रिलीव्हर झाल्या. चष्मा लावून त्या शिकल्या आणि लई लवकर शिकल्या.

नंतर काही महिने शांततेत गेले. एका दुपारी मी पेपर तपासत बसले होते तर जिन्यावर धावत येणारी पावलं वाजली.

"मॅडम! चौथी मशीन!"

"कुठली चौथी?"

"आत आहे! यादीत चार दिसताहेत. आपल्या तीन, अन् एक परकी!" त्यांचा चेहरा लाल झाला होता. त्यावर राग शोधला तरी सापडला नसता. आयुष्यभर वाट पाहिली तो पाहुणा अखेर आला होता.

दोन दिवस ते गच्चीवर दुर्बीण घेऊन बसले. वायफाय दुर्बिणीतून दिसत नाही, हे मी सांगितलं नाही. त्यांना माहीत होतंच. तिसऱ्या दिवशी जेवताना त्यांनी जाहीर केलं, की चोर पासवर्ड फोडून आलेला नाही. त्याच्या नंबरची नोंद रीतसर झालेली आहे. म्हणजे आतला माणूस फितूर आहे. हे बोलून त्यांनी माझ्याकडे पाहिलं.

"तिच्याकडं काय बघता?" काकू भाकरी वाढत म्हणाल्या. "मी केली नोंद. प्रज्ञाची मशीन हाय ती. तिच्या मामानं औरंगाबादहून जुना लॅपटॉप दिलाय. लेकरू अभ्यास करतं त्याच्यावर, दुपारी, तुमी झोपल्यावर."

साहेबांनी घास खाली ठेवला. "तू? माझ्या इजाजतीशिवाय?"

"तुमीच मला रिलीव्हर नेमलं का न्हाई? तुमी झोपल्यावर ड्युटी कुणाची?"

हा मुद्दा नियमाचा होता, त्यामुळे तो त्यांना लागला. ते म्हणाले, "रिलीव्हरनं गेट उघडलं तर वरच्याला इत्तला द्यायची असती. तू दिली न्हाई. चौकशी होईस्तवर गेट बंद." आणि उठून त्यांनी पासवर्ड बदलला, वर डब्याची पिनच काढली. मी साक्षीदार म्हणून हजर राहावं, असंही मला सांगण्यात आलं.

चौकशी दुसऱ्या दिवशी दुपारी हॉलमधे बसली. साहेबांनी बनियनवर शर्ट घातला होता. काकू समोर लसूण सोलत होत्या. पहिला प्रश्न विचारायच्या आत भिंतीपलीकडून प्रज्ञाचा आवाज आला, "काकू, नेट कावून न्हाई? आज फॉर्मचा शेवटचा दिवस हाय."

इंजिनिअरिंगच्या प्रवेशासाठी कुठलं कॉलेज आधी, कुठलं नंतर, ते पर्याय कॉम्प्युटरवर भरायचे होते. पोरीनं ते सवडीनं भरायचे म्हणून ठेवले होते, नेट शेजारीच होतं ना. मुदत संध्याकाळपर्यंत. काकूंनी लसूण बाजूला ठेवला आणि साहेबांकडे नुसतं पाहिलं.

"बोलव तिला," साहेब म्हणाले. "फॉर्मपुरती परवानगी." त्यांनी पिन लावली. डब्यावरचे दिवे लागले, आणि त्याच क्षणी ते दिवे, पंखा, फ्रिज सगळं गेलं. लोडशेडिंग.

परळीचं हे एक होतं. अख्ख्या राज्याला पुरवायची वीज आमच्या गावात तयार व्हायची, राख आमच्या अंगणात पडायची, आणि वीज तेवढी आमच्याकडे नसायची. गेली की संध्याकाळ उलटून यायची. गावातले नेट कॅफेही अंधारात. प्रज्ञा दारात उभी होती. तिच्या जुन्या लॅपटॉपची बॅटरी कधीच मेलेली होती. ती ओढणीचं टोक पिळत राहिली.

"थर्मलच्या गेटवर लाइट जात न्हाई," साहेब एकदम म्हणाले. "तिथल्या ऑफिसात कॉम्प्युटर हाय, नेट हाय. चला. माझं गेट हाय ते."

जीपवाला नुकताच फेरी मारून आला होता. साहेब त्याच्या शेजारी पुढच्या सीटवर बसले, मी आणि प्रज्ञा मागे. 

गेटवर तिशीचा एक शिपाई होता. साहेबांना पाहून त्यानं असा सलाम ठोकला की जीपवालाही ताठ झाला. साहेबांनी काम सांगितलं. शिपाई ऐकत राहिला आणि मग हळूच म्हणाला, "साहेब, पास?"

"अरे, मला वळखतो न्हाई का तू? मीच शिकवलंय तुला."

"वळखतो साहेब. तुमीच शिकवलंय." तो कसनुसा झाला होता. "पण वळख म्हणजे पास न्हाई."

साहेब त्याच्याकडे बघत राहिले. मला वाटलं, आता चिडतील. पण त्यांची छाती हळूहळू फुगत गेली. त्यांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला. "शाब्बास," म्हणाले. आणि दोन पावलं आल्यावर वळून, "बूट पॉलिश करीत जा."

परत येताना साहेब तृप्त होते. "पोरगा तयार झालाय," ते समोरच्या काचेकडे पाहत म्हणाले.

जीपवाल्यानं गाडी कडेला घेऊन थांबवली. इतक्या वर्षांत त्यानं साहेबांसमोर आवाज चढवला नव्हता. तेव्हाही चढवला नाही. "साहेब, तुमचा पोरगा तयार झाला," तो म्हणाला, "पण माझ्या पोरीचं काय? ती न्हाई का तयार झाली? तिचा पास कोण देणार?"

मागे प्रज्ञा रडत होती. साहेबांनी वळून तिच्याकडे पाहिलं आणि पुन्हा समोर तोंड केलं. त्यांची फुगलेली छाती उतरलेली मला पाठीमागूनही दिसली.

मला आधी कसं सुचलं नाही कोण जाणे, पण तेव्हा सुचलं. फोनची लाइन वीज गेली तरी चालू असते. माझ्या लॅपटॉपला चार्जिंग होतं. अडलं होतं ते फक्त त्या डब्यावाचून, आणि डब्याच्या पिनवर बारा व्होल्ट लिहिलेलं मी वाचलं होतं. आम्ही बसलो होतो ती जीपही बारा व्होल्टवरच चालत होती.

घरी आल्यावर मी हे सांगितलं. त्यासाठी पिनची वायर कापावी लागणार होती. साहेबांनी कात्री मागितली आणि स्वतः कापली. जीप आमच्या फाटकातून आत घेऊन भिंतीलगतच्या बोळात, त्या बंद खिडकीला लावली. पत्रा आडवा आला, तेव्हा साहेबांनी पक्कड घेऊन एकेक खिळा उपसला. वायर खिडकीतून बाहेर काढली, लाल कुठली, काळी कुठली हे मी दोनदा तपासलं, इंजिन बंद ठेवायला सांगितलं. टोकं पकडायला चिमटे नव्हते. जीपवाल्यानं बॉनेट उघडून दोन्ही टोकं बॅटरीवर हातांनी दाबून धरली. डब्यावर हिरवा दिवा लागला.

आता पासवर्ड. आदल्या दिवशी बदललेला, तो काकूंना किंवा मलाही दिलेला नव्हता. साहेब लॅपटॉपसमोर बसले. "सगळ्यांनी भिंतीकडं तोंड करा," म्हणाले. काकू, प्रज्ञा आणि मी, तिघी भिंतीकडे वळलो. मुदत संपत आलेली, आणि आम्ही शाळेतल्या पोरींसारख्या चुन्याच्या भिंतीकडे बघत उभ्या! काकू दातओठ खात होत्या.

पण बटणांचा आवाज येईना. मी चोरून मागे पाहिलं. साहेबांची नजर खिडकीकडे होती. खिडकीत जीपवाला होता, बॉनेटवर वाकलेला, तोंड बरोबर लॅपटॉपकडे. त्याला वळता येत नव्हतं. वळला तर वायर सुटली असती.

"मी डोळे मिटतो साहेब," तो म्हणाला, आणि त्यानं खरंच डोळे घट्ट मिटले. घाम त्याच्या कपाळावरून पापण्यांवर उतरत होता आणि तो पुसायला हात मोकळा नव्हता.

साहेब त्या चेहऱ्याकडे पाहत राहिले. मग घसा साफ करून म्हणाले, "उघडा डोळे. बघा. काय लागत न्हाई मिटायला." आणि एका बोटानं, एकेक अक्षर मोठ्यानं उच्चारत, त्यांनी तो लांबलचक पासवर्ड टाइप केला.

फॉर्म भरायला वेळ लागला. पान उघडायचं, अडकायचं. बाहेरून एकच प्रश्न येत राहिला, "झालं का गं?" प्रज्ञा दर वेळी "न्हाई बाबा" म्हणायची. शेवटी 'अर्ज स्वीकारला' अशी ओळ आली. तेव्हा ती धावतच बाहेर गेली. जीपवाल्याची बोटं इतकी आखडली होती की वायर सोडायला तिलाच ती उघडावी लागली.

चौकशी साहेबांनी सोडून दिली नाही. दुसऱ्या दिवशी तिचा निकाल लागला. रिलीव्हरनं इत्तला न दिल्याबद्दल काकूंना ताकीद, आणि चौथ्या मशीनची नोंद कायम. पत्रा परत ठोकायचा राहिला. भिंतीचा वाद तसाच होता. पण आता तो दोघं समोरासमोर बसून घालायचे, कधी आमच्या हॉलमधे, कधी त्यांच्या ओसरीत.

प्रज्ञाला नांदेडला कॉम्प्युटर इंजिनिअरिंगला प्रवेश मिळाला. ती निघाली त्या सकाळी जीपवर ट्रंक बांधली होती आणि गल्ली जमली होती. ती पाया पडायला आली तेव्हा साहेबांनी तिला बाजूला घेऊन बंदोबस्ताचं व्याख्यानच दिलं. हॉस्टेलला नेट असेल. पासवर्ड लांब ठेवायचा. त्यात जन्मतारीख घालायची नाही. लिहून ठेवायचा नाही. मैत्रिणीला सांगायचा नाही, कितीही जवळची असली तरी. मास्तरांना नाही, बाईंना नाही. प्रज्ञा माना डोलावत होती. जीपवाल्यानं इंजिन चालू केलं.

ती चढली. जीप हलली, तसे साहेब दोन पावलं तिच्याबरोबर चालले आणि खिडकीच्या दांडीला धरून म्हणाले, "अन् एखादीचा फॉर्म अडला असंल ना, तर हे काय ध्यानात ठेवू नको. देऊन टाक."